जेमतेम उभा राहणारा माणूस

आमच्या कामिनाई गावात कुणालाच काही येत नाही. निदान विचारलं तर सगळे असंच सांगतात. जिच्या हातचं मुळ्याचं लोणचं अख्खं गाव मागून नेतं ती बाई म्हणते, "कसलं हो, आपलं पोटापुरतं." ज्याची मुलगी साप्पोरोच्या कॉलेजात पहिली आली तो बाप म्हणतो, "आमचं ते जरा मंदच आहे." ऐकणाऱ्यानं ते उलटं करून घ्यायचं असतं, आणि सगळे बरोबर उलटं करून घेतात. गावाच्या बर्फाच्या टेकडीच्या पायथ्याशी माझं दुकान आहे. स्की आणि स्नोबोर्ड भाड्यानं द्यायचे, विकायचे, त्यांना मेण लावायचं, कडा घासून द्यायच्या, हे माझं काम. जो म्हणतो "मला फारसं येत नाही", त्याला मी पुढचं काही न विचारता चांगलं सामान काढून देते. जो छाती काढून "मला येतं" म्हणतो, त्याच्या हाडांची मला काळजी वाटते.

या गावात तामोत्सु किताझावा हा एकच माणूस असा, की तो "जेमतेम येतं" म्हणतो तेव्हा त्याला खरोखर जेमतेम येत असतं.

तामोत्सु माझ्या वर्गातला. शाळेत शेवटच्या बाकावर बसायचा, कारण पुढे बसला तर मागच्यांना फळा दिसत नसे. त्याचा गायींचा गोठा आहे, गावाच्या उत्तरेला. पहाटेची धार आणि संध्याकाळची धार यांच्या मध्ये जो वेळ उरतो त्यात बाकीचे गोठेवाले झोपा काढतात. हा टेकडीवर येतो. चाळिशी उलटल्यावर त्यानं स्नोबोर्ड शिकायला घेतला तेव्हा त्याची बायको याएको मला म्हणाली होती, "माणसं या वयात बाई शोधतात. आमच्या ह्यांनी फळी शोधली. मी गप्प बसलेय." का शिकतोस म्हणून मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "वर गेलं की कुणी हंबरत नाही."

इतकी वर्षं हे सगळं त्याच्या हौसेचं होतं. पण त्या शरद ऋतूत आमच्या शनिवारच्या वर्गाचे हातायामा गुरुजी येत्या वसंतात ओबिहिरोला मुलाकडे राहायला जाणार असं कळलं, आणि सगळंच बदललं. आमची टेकडी नगरपालिकेची आहे. दोन लिफ्ट, एक उपाहारगृह, माझं दुकान, एवढंच. शनिवारी मुलांचा स्नोबोर्डचा वर्ग असतो म्हणून शनिवारी आईबाप येतात, आणि तेवढ्यावर आठवडा निघतो. नगरपालिकेचा नियम असा, की पहिल्या श्रेणीचा बिल्ला असल्याशिवाय मुलांना शिकवता येत नाही. बिल्ल्याची परीक्षा मार्चमध्ये, परीक्षक बाहेरून येतात. मार्चपर्यंत गावातल्या कुणाला तो बिल्ला मिळाला नाही तर पुढच्या हिवाळ्यात वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे मुलं पलीकडच्या मोठ्या डोंगरावर जाणार, आणि लिफ्टच्या विजेच्या बिलाकडे आधीच डोळे वटारून बघणाऱ्या नगरसेवकांना आयतं निमित्त मिळणार.

दुसऱ्या श्रेणीचा बिल्ला असलेला आणि गाव सोडून न जाणारा माणूस एकच होता. मागच्या मार्चमध्ये तो पहिल्या श्रेणीच्या परीक्षेला बसून सपशेल नापासही झाला होता.

"बोर्ड थरथरतो तुमचा," परीक्षकानं तेव्हा सांगितलं होतं. "टणक उतारावर वेग आला की तो तुमचं वजन पेलत नाही." खरंच होतं ते. तामोत्सुचा जुना बोर्ड म्हणजे उकडलेली शेवई. मऊ बर्फात छान, सकाळच्या टणक उतारावर मात्र तो एवढ्या दांडग्या माणसाखाली लटपटायचा.

म्हणून नोव्हेंबरात एकदा पहाटेची धार आटोपून तो रबरी बुटांतच माझ्या दुकानात आला.

"कडक बोर्ड दाखव," म्हणाला.

"आधी बूट बाहेर काढ. शेणाचा वास मेणात बसला की जात नाही."

बोर्ड निवडताना चित्राकडे बघायचं नसतं, पण सगळे तेच बघतात. मी त्याला दोन बोर्ड काढून दिले आणि कसं बघायचं ते दाखवलं. मागचं टोक जमिनीला लावायचं, पुढचं टोक एका हातात धरायचं आणि दुसऱ्या हातानं मधोमध दाबायचं. किती वाकतो ते कळतं. मग दोन्ही हातांनी पिळायचा, ओलं फडकं पिळतात तसा. जो पिळला जातो त्याची कड टणक बर्फावर निसटते. मग पोलादी कड जिथं संपते तिथं नख फिरवायचं. जोड नखाला लागला तर बांधणीत कामचुकारपणा झालाय असं समजायचं.

तामोत्सुनं सगळं निमूट केलं. मग भिंतीवर टांगलेल्या तिसऱ्या बोर्डाकडे बोट दाखवलं. तो विकायचा नव्हता, नमुन्याचा होता. तो बांधणारे आसाहिकावाचे मुनाकाता आधी खुर्च्या आणि कपाटं करायचे. आता एका शेडमध्ये एकट्यानं बोर्ड बांधतात, ज्याचा त्याला मापून. तामोत्सुनं तो खाली काढला, जमिनीवर आडवा ठेवला आणि गुडघ्यावर बसून बोटाच्या पेरानं जागोजागी टकटक करायला लागला, कान लावून.

"काय चाललंय?"

"गायीच्या पोटात वारा धरला की असं वाजवून बघतात. जिथं पोकळ तिथं आवाज बदलतो." तो शेवटपर्यंत वाजवत गेला. "याच्यात कुठंच बदलत नाही. मला हा हवा."

मी मुनाकातांना फोन लावून दिला. दुकान लहान आहे, पलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं. वजन विचारलं, बुटाचं माप विचारलं, काम काय करता विचारलं. तामोत्सुनं सांगितलं. मग ते म्हणाले, "आणि चालवता कसं?"

"अहो, जेमतेम उभा राहतो."

"पण दुसऱ्या श्रेणीचा बिल्ला आहे म्हणालात."

"तो नशिबानं मिळाला. त्या दिवशी बर्फ मऊ होता."

मग मुनाकाता म्हणाले, "समजलं." त्या एका शब्दात इतका आदर भरला होता की मी कपाळाला हात लावला. नशिबानं मिळाला असं म्हणणारा माणूस म्हणजे केवढा तयारीचा, असंच त्यांनी धरलं होतं. आमच्याकडे दुसरं कुणी काय धरणार?

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "पुन्हा लाव आणि नीट सांग."

"नीटच सांगितलं की."

"अरे, त्यांना वाटलं तू नम्रपणानं बोलतोयस."

"मग आता काय सांगू? की मी खरंच वाईट आहे? ते म्हणतील, काय नम्र माणूस आहे." तामोत्सुनं नमुन्याचा बोर्ड पुन्हा भिंतीला टांगला. "यातून सुटकाच नाही, चिझुरु. मी लहानपणापासून बघतोय."

डिसेंबरात बोर्ड आला. वर चित्र नाही, रंग नाही, पारदर्शक थराखाली राखाडी लाकडाच्या सरळ रेषा, आणि कडेचा जोड असा की नखाला सापडेना. मी हौसेनं मागचं टोक जमिनीला लावलं आणि मधोमध सगळा भार टाकला. त्यानं बोटभर मान तुकवली आणि पुन्हा ताठ. माझ्या दुकानातून असा बोर्ड आजवर गेला नव्हता. बघून आनंद झाला आणि भीतीही वाटली.

भीती खरी ठरली. पहिल्याच दिवशी तामोत्सु वरून निघाला, वळायची जागा आली, वळला नाही. दुसरी आली, तिथंही नाही. थेट उताराच्या शेवटी लावलेल्या जाळीत. पुढचे कितीतरी दिवस हेच. जुना बोर्ड पायानं ढकलला की वळायचा, म्हणून तामोत्सु नव्यालाही मागच्या पायानं लाथा झाडायचा, आणि भीती वाटली की गायीच्या पोटाशी बसतो तसा ढुंगण मागे टाकून बसायचा. बोर्ड लाथेला भीक घालत नव्हता. मागे बसलं की सरळ सुटायचा, आणि शेवटी एकदम कड धरून याला हवेत भिरकावायचा. लिफ्टवाला सुगाहारा खिडकीतून ओरडायचा, "किताझावा-सान, जाळी नवीन आहे बरं का, जरा जपून." उपाहारगृहात लोक हसायचे आणि मग गप्प व्हायचे. कारण मार्चमध्ये काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

जानेवारी संपत आला तेव्हा माझा संयम सुटला. "परत पाठव तो," मी म्हटलं. "जास्त कडक झालाय म्हणून कळव. बदलून देतील."

"इतक्या मन लावून केलेल्या वस्तूला कसं सांगायचं, की तू मला नकोस?"

"वस्तूला नको सांगूस, मुनाकातांना सांग."

"त्यांना तर त्याहून नाही सांगता येणार."

सांगायची वेळच आली नाही. मुनाकातांची एक पद्धत आहे, बांधलेला प्रत्येक बोर्ड ते एकदा बर्फावर जाऊन बघतात. फेब्रुवारीत एका सकाळी दारात उभे, बारीक अंगाचे, हातात लाल चवळीसारख्या अझुकीच्या मिठाईचा खोका. तामोत्सुच्या तोंडचं पाणी पळालं. पण पाहुणा बघायला आलाय म्हटल्यावर तो वर गेला, आणि नेहमीसारखा जाळीत आला. तो पुन्हा वर गेला, पुन्हा जाळीत. मग मुनाकाता बर्फातून चालत त्याच्याजवळ गेले आणि कमरेत वाकले.

"माफ करा. माझी चूक झाली."

तामोत्सु धडपडत उठला आणि त्यांच्याहून खाली वाकला. "नाही हो, बोर्डात काही खोट नाही. दोष माझाच."

"तुम्ही म्हणाला होतात जेमतेम उभा राहतो."

"हो."

"मला वाटलं..."

"सगळ्यांना तसंच वाटतं."

मुनाकाता आणखी वाकले. "माणूस खरं सांगतो आणि मला कळत नाही, म्हणजे मला बोर्ड बांधायचा अधिकार नाही."

"असं कसं, असं कसं," म्हणत तामोत्सुही आणखी वाकला. एकाला उठवावं तर दुसरा वाकलेला. मी दारातून ओरडले, "दोघंही सरळ व्हा आता. कंबर धरली तर उचलायला मलाच यायचंय."

आत येऊन गरम चहा घेताना मुनाकातांनी साफ सांगितलं. मऊ बोर्ड करून देतो, पैसे घेणार नाही, पण लाकूड सुकायला, चिकटायला वेळ लागतो, एप्रिलच्या आत होणार नाही. "आणि जुना बोर्ड?" मी विचारलं. ते तामोत्सुच्या खांद्यांकडे बघत म्हणाले, "तो वळेल. पण टणक उतारावर यांच्या वजनाखाली थरथरेल. हा थरथरणार नाही. हा फक्त यांना फेकून देईल."

तामोत्सुनं कप खाली ठेवला. "म्हणजे जुन्यावर दोन दोष, बोर्डाचा आणि माझा. याच्यावर एकच. मग हाच ठेवतो."

मला रडू आलं. रागानं की कशानं, मला सांगता यायचं नाही. दुकान माझं होतं, टेकडी आम्हा सगळ्यांची होती, आणि ती एका जाळीत पडणाऱ्या माणसाच्या हातात होती, जो मिठाई खात हिशेब मांडत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कडा घासलेला बोर्ड द्यायला गोठ्यावर गेले. धार चालू होती. मोमिजी नावाची त्याची एक गाय आहे, अंगानं मोठी आणि स्वभावानं आडमुठी. तिनं तामोत्सुला भिंतीशी दाबून धरलं होतं. त्यानं तिला ढकललं नाही. खांदा तिच्या बरगड्यांना लावला, हळूहळू सगळा भार टाकला आणि तसाच थांबला, "हूं, हूं" करत. गाय जणू त्या गावचीच नाही. थोड्या वेळानं तिनं वजन या पायावरून त्या पायावर घेतलं, त्याच्यावर जरा रेलली, तोही रेललेलाच, आणि मग दोघं मिळून जिथं त्याला हवं होतं तिथं सरकले.

पलीकडे बादली धुणारी याएको मान वर न करता म्हणाली, "गायीला बघा कसं लाडीगोडीनं. आणि त्या बिचाऱ्या फळीला दिवसभर लाथा."

तामोत्सु गायीला खांदा लावून तसाच उभा राहिला. इतका वेळ, की मोमिजीनं वळून बघितलं.

"याएको," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

सकाळी पहिल्या लिफ्टला तो होता. मी दुकान उघडायचं सोडून बाहेर उभी राहिले. उतार रात्रीत दाबून सारखा केलेला, अजून कुणाची रेघ उमटलेली नव्हती. तो निघाला, वेग घेतला, आणि वळणाच्या जागी त्यानं लाथ मारली नाही. पुढच्या पायावर भार घेत कडेवर नुसता रेलला आणि थांबला. मला वाटलं, गेला जाळीत. बोर्ड सरळ जात राहिला, जात राहिला, आणि मग वाकला. मी सगळा भार टाकला तेव्हा बोटभर वाकलेला तो बोर्ड त्या माणसाखाली धनुष्यासारखा वाकला आणि त्याला एका लांब वळणात घेऊन गेला. वळण संपताना त्यानं उसळी मारली, ती तामोत्सुनं अंगावर घेतली आणि दुसऱ्या बाजूला रेलला. खाली माझ्याजवळून गेला तेव्हा मला ऐकू आलं, तो "हूं, हूं" करत होता.

उतारावर बोटभर रुंदीची एकच रेघ होती. कुठं खरवडलेलं नाही, कुठं तुटलेलं नाही. सुगाहारानं खिडकीतून डोकं काढलं आणि लिफ्ट थांबवून तो ती रेघ बघत राहिला.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. दोनदा पुन्हा जाळीत गेला, एकदा बरगडी दुखावून आला. लहान वळणं जमता जमेनात. मोठी गाय घाईत सरकत नाही, असं तो म्हणायचा. पण रोज यायचा, धार झाली की.

परीक्षेच्या आदल्या दुपारी ऊन पडून बर्फ वितळला आणि रात्रीत असा गोठला, की सकाळी उतारावर टाच आपटली तर आवाज यायचा. शेजारच्या गावांतून तरणीताठी मुलं आली होती. ती निघाली की त्यांचे बोर्ड टणक बर्फावर खडखडायचे, खाली उभं राहून ऐकू यायचं. संध्याकाळच्या धारेसाठी सहकारी संस्थेचा बदली माणूस बोलावला होता, म्हणून याएको आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला बोर्डवर बघायला आली होती, गोठ्यातल्या बुटांत.

तामोत्सु लांब वळणांना निघाला तेव्हा काही ऐकूच आलं नाही. इतकं शांत, की याएकोनं माझी बाही धरली. लहान वळणांत तो एकदा मागे बसला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो कसा कोण जाणे पुन्हा पुढच्या पायावर आला होता. शेवटच्या फेरीत वाऱ्यानं टोपी उडाली, तरी तो रेलून थांबला आणि वळला.

निकाल उपाहारगृहात वाचायचे होते. आम्ही बसलो आणि याएकोचा फोन वाजला. मोमिजी बदली माणसाला जवळ येऊ देत नव्हती, त्याच्या गुडघ्यावर लाथ बसली होती. तामोत्सु उठला.

"अरे, निकाल," मी म्हटलं.

"निकाल थांबेल. तिची कास थांबणार नाही." आणि दोघं गेली.

परीक्षकानं त्याचं नाव शेवटून दुसरं वाचलं. अगदी काठावर, पण पास. उपाहारगृहाची मालकीण स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी टाळ्या वाजवत आली. बिल्ला मी घेतला आणि गाडी काढली.

गोठ्यात तो मोमिजीच्या पोटाशी बसला होता. मी बिल्ला त्याच्यासमोर धरला. त्यानं हात पुसले, पुन्हा पुसले, पण घेतला नाही. नुसता बघत राहिला. मग तोंड उघडलं, "नशी..."

"बर्फ दगड होता आज," मी म्हटलं. "नशिबाचं नाव काढलंस तर ही बादली डोक्यात घालीन."

याएकोनं बिल्ला माझ्या हातून घेऊन त्याच्या गोठ्यातल्या टोपीला लावला, मागे सरून बघितला आणि म्हणाली, "वाकडा लागलाय. राहू दे."

पुढच्या डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी वर्ग भरला. मुलं ओळीत उभी, मागे आईबाप, त्यांत यंदा गावात नव्यानं आलेलेही काही. तामोत्सु तो राखाडी बोर्ड उभा धरून त्यांच्यासमोर आला आणि वाकला.

"मी किताझावा," तो म्हणाला. "मला जेमतेम उभं राहता येतं. सांभाळून घ्या."

आईबापांनी एकमेकांकडे बघून आदरानं माना हलवल्या. एक आई मुलाच्या कानात कुजबुजली, "नीट लक्ष दे हं, फार मोठे गुरुजी दिसताहेत." तामोत्सुनं मुलांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच तो खोटं बोलला होता.